तीनदा नाही म्हणायची रीत

आमच्या गावात 'नाही' हा शब्द शंभर वर्षं निव्वळ प्रस्तावना म्हणून वापरला गेला. पाहुणा दारात आला, त्याला चहा विचारला, की तो म्हणायचा, "कायले, आत्ताच घेतला." हे पहिलं नाही. ते कानावर पडताच घरधनीण चूल फुंकायला बसायची. दुसरं नाही बाजेवर टेकताना यायचं आणि तिसरं बशी हातात आल्यावर, म्हणजे "एवढा कायले?" या स्वरूपात. चहा न पिता परत गेलेला पाहुणा गावाच्या इतिहासात नाही.

पंगतीत या कलेला आणखी बहर यायचा. वाढपी वरणाची बादली घेऊन समोर आला, की माणूस दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचा. मात्र बोटांत फट अशी ठेवायची, की पळी नेमकी आत उतरावी. वाढपी खरंच पुढे निघून गेला तर तो माणूस पुढच्या लग्नाला येत नसे, आणि का आला नाही हे सगळ्यांना ठाऊक असे.

मग दिवस बदलले. चुलीच्या जागी गॅस आला, पंगतीच्या जागी बुफे आला. बुफेत आपण आपल्यालाच वाढायचं, त्यामुळे आग्रह करायचा कोणाला आणि लाजायचं कोणापुढे, असा पेच पडून बरेच म्हातारे पहिली काही लग्नं उपाशीच परतले. अनसिंगच्या बाजारात भाजी नेणारे आमचे चंपतभाऊ घ्या. त्यांचे आजोबा बैलजोडी जुंपून चामड्याच्या मोटेनं विहिरीतलं पाणी उपसायचे. चंपतभाऊ बाजेवरून उठत नाहीत, विहिरीवरच्या मोटरला फोन लावतात. मोटर फोन उचलते. नातू उचलत नाही.

एवढे सगळे बदल गावानं पचवले. एक मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायची रीत कधीतरी गुपचूप निघून गेली होती. तिचा पहिला फटका बसला इंद्रभान आबांना.

इंद्रभान आबा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. वय ऐंशी, टोपी पांढरी, आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. गावच्या शाळेला यंदा शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त 'शंभर वर्षांत आपलं जगणं कसं बदललं' असं प्रदर्शन, त्यावर एक सभा, आणि सभेनंतर गावजेवण म्हणून गोवऱ्यांवर भाजायचे रोडगे ठरले. सभेला अध्यक्ष हवा होता. शाळा समितीवर पवन होता, चंपतभाऊंचा तोच फोन न उचलणारा नातू. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याच्या कंपनीत शिकवलंय, की समोरच्याच्या नकाराचा मान ठेवावा, त्याच्या मागे लागू नये. शिकवण चांगलीच आहे. फक्त ती देणाऱ्यांनी वऱ्हाडातली पंगत पाहिलेली नव्हती.

पवन एके सकाळी आबांच्या ओट्यावर आला.

"जय भीम, आबा."

"जय भीम. ये, बस. आज इकडं कसा भुलला?"

"आबा, शाळेच्या कार्यक्रमाचं अध्यक्ष तुमीच व्हावं असं समितीत सगळ्यायले वाटते. होता काय?"

आबा मनातल्या मनात अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसलेही. पण माणूस जुना. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"छे रे बाबा. म्या कायचा अध्यक्ष! कोनी शिकला-सवरलेला पाहा."

"नक्की ना आबा?"

"आता नक्की म्हंजे..." आबा हसले. "नाईच म्हन ना."

"ठीक आहे. तुमच्या मताचा आदर आहे," असं म्हणून पवननं अंगठ्यानं फोनवर काहीतरी लिहिलं, आबांच्या पाया पडला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

आबा ओट्यावरच बसून राहिले. गडी कोपऱ्यावरून वळून परत येणार, याची त्यांना खात्री होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी जुळवून ठेवलं होतं: "तुमी लोकं काई ऐकत नाई बाप्पा!"

कोपऱ्यावरून एक म्हैस आली. मग तिचा मालक आला. पवन आला नाही.

आतून नातीचा आवाज आला. ही सपना. वाशीमला दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीला आली होती. "आबा, ग्रुपवर आलंय पाहा. 'इंद्रभान आबांनी नम्र नकार दिला आहे. पुढचं नाव सुचवा.' खाली सगळ्यांनी हात जोडलेत."

"नकार?" आबा उभेच राहिले. "म्या कधी देल्ला नकार?"

"तुमीच म्हनले ना नाई?" दुर्गाबाई, आबांची बायको, चुलीवरून भाकरी उतरवत बोलल्या. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते, असं आबांचं मत आहे, आणि भाकऱ्या दुर्गाबाई करतात.

"म्हनलो. पन तसं नाई म्हनलो."

"मंग कसं म्हनले?"

"अवं, म्हनाच लागते पैले! कोनी अध्यक्ष होता काय म्हनलं, का लगेच हाव म्हनाचं? लोकं काय म्हनतीन? हा तयारच बसला होता म्हनतीन."

"तयारच तर बसले होते. टोपीले परवाच नीळ देल्ली मी."

आबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. वाशीमला दवाखान्यात रोज माणसं पाहणाऱ्या सपनाला तेवढ्यावरून कळलं, की दुखणं साधं नाही.

"आबा, एवढं काय आहे त्या खुर्चीत?"

आबा भिंतीशीच बोलल्यासारखं बोलले.

"खुर्ची ठेवून राह्यले शाळेच्या वरांड्यात. त्याच वरांड्याखाली, आंगनात, माहा बाप बसे. सटवाजी. शाळा सुरू झाली थ्या साली त्याले घातलं. पन आपल्या पोरायले अंदर कुठं घेत? सोताचं तरट आनाचं, आंगनात बसाचं, अंदरून जे आयकू येईन थे शिकाचं. चार वर्सं शिकला. गुरुजीनं त्याले एक दिवस एक प्रश्न इचारला नाई. उत्तरं सारी येत. इचारलंच नाई कोनी."

सपना बाजेच्या कडेला टेकली.

"मले पोट्टा असताना म्हने, इंदरभान, एखांद्या दिवशी तुले त्या वरांड्यात कोनी काई इचारीन, तवा मी जिता असीन नसीन. आता ज्या दिवशी इचारलं, त्या दिवशी म्या..."

"नाही म्हणालात," सपना म्हणाली.

"रीत हाये ना बाई थे."

खरं तर आबांच्या बाबतीत ही नुसती रीतही नव्हती. ज्याला कोणी विचारतच नाही, त्याला नाही म्हणायची सोय नसते. सटवाजीला गावच्या पंगतीत पानच नव्हतं, तर तो हात आडवा कशावर धरणार? आबांच्या लहानपणी, छप्पन साली, घर बौद्ध झालं. पुढे आबा शिकले, खाकी कपडे घालून एसटीत घंटी मारू लागले, आणि हळूहळू गावच्या पंगतीत त्यांचंही पान मांडलं जाऊ लागलं. चंपतभाऊंच्या लग्नात वाढपी बुंदी घेऊन आला, तेव्हा आबांनी आयुष्यात पहिल्यांदा "नाई, नाई, पुरे" म्हटलं. लाडकं मांजर कुरवाळावं तसा तो शब्द उच्चारला. तेव्हापासून नाही म्हणण्यात त्यांना जी चैन वाटायची, ती बुंदीत नव्हती.

"मग आता सरळ फोन करा पवनला," सपना म्हणाली. "म्हणा, होतो मी अध्यक्ष."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना चालू गाडीतून उडी मारायला सांगितलं होतं.

संध्याकाळी आबांनी चंपतभाऊंना गाठलं. दोघांचं बालपण एका शाळेतलं आणि म्हातारपण एका पाराचं.

"चंपत, तुह्या नातवानं मले एकडाव इचारलं न गेला निंघून. हे काय शिकवलं बे तुमी पोराले?"

"मायबापानं शिकवलं. मले कायले बोलतं?" चंपतभाऊ म्हणाले. "थो मले बी तसंच करते. परवा म्हने, आजोबा, पुरनपोळी देऊ? म्या म्हनलं नको. गेला घेऊन! म्या राती भाकर खाल्ली."

"मंग तू त्याले समजाव. म्हना, इंदरभानले अजून एकडाव इचार. म्या सांगतलं असं सांगजो नको."

"त्यात काय. आत्ता सांगतो."

चंपतभाऊ घरी गेले. नातवाच्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी विषय काढला. "अध्यक्षाचं काय केलं रे तुमी?"

"अजून ठरलं नाही आजोबा. तुमी होता?"

चंपतभाऊ क्षणभर गडबडले. मित्राचं काम घेऊन आलेला माणूस. पण प्रश्न तर आपल्याला आला. तोंड आपोआप चाललं. "म्या? छे. म्या कायले?"

"ओके," पवन म्हणाला आणि दुसरा नकार ग्रुपवर गेला. चंपतभाऊंच्या लक्षात आलं, की इंद्रभानचं काम राहिलं ते राहिलंच, आणि आता आपल्यालाही झोप लागणार नाही.

शेवटी आबा स्वतःच पवनकडे गेले. निमित्त तयार होतं. प्रदर्शनासाठी तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा द्यायचा होता.

"अरे वा आबा! मस्त वस्तू आहे. चहा घेता?"

"कायले..."

"बरं," पवन म्हणाला आणि चिमट्याचा फोटो काढू लागला.

आबा बसून राहिले. त्यांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, खोकून पाहिलं. "कार्यक्रमाची तयारी झालीच असन मंग सारी?"

"जवळपास. आणखी काही होतं का आबा?"

"नाई नाई. काई नाई."

घरी आल्यावर दुर्गाबाईंनी विचारलं, "सांगतलं काय त्याले?"

"सांगतलं."

"काय सांगतलं?"

"काई नाई म्हून सांगतलं."

दोन दिवसांनी ग्रुपवर बातमी आली. नागपूरचे एक मोठे साहेब, गावचे भाचे, अध्यक्ष म्हणून येणार होते. त्यांनी विचारताक्षणी होकार दिला होता. होकार म्हणजे अंगठ्याचं चित्र. पवननं खाली लिहिलं, 'बघा, किती साधा माणूस.'

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या जुन्या इमारतीवर आंब्याची तोरणं आणि प्लास्टिकची फुलं, दोन्ही लागली. प्रदर्शनात जातं होतं, कंदील होता, चंपतभाऊंच्या आजोबांची मोट होती. आमच्या गल्लीतल्या रुपाबाईंचा बटणांचा मोबाईल 'संपर्काचे प्राचीन साधन' अशी चिठ्ठी लावून ठेवला होता. रुपाबाई दिवसभर टेबलाशीच उभ्या होत्या, कारण लेकीचा फोन त्यावरच यायचा. तो आला, की त्या चिठ्ठी बाजूला करून बोलायच्या आणि मग परत लावून ठेवायच्या. शाळेमागे रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा जाळ पेटला होता.

वरांड्यात मधोमध अध्यक्षांची खुर्ची मांडली होती. समोर आंगणात मांडव. पहिल्या रांगेत गावचे सगळे म्हातारे इस्तरीच्या कपड्यात, हजामत करून, वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसले होते. यातल्या प्रत्येकाला पवननं विचारलं होतं आणि प्रत्येकानं नाही म्हटलं होतं. ज्यांनी हो म्हटलं होतं ते साहेब तेवढे आलेले नव्हते.

वाट पाहून झाली. मग साहेबांचा निरोप आला, की महत्त्वाची बैठक लागली आहे, मोबाईलवरून व्हिडिओनं अध्यक्षपद सांभाळतो. पवननं पडदा लावला. साहेबांचा चेहरा उमटला, त्यांनी "माझ्या प्रिय" एवढं म्हटलं, आणि नेटवर्क गेलं. साहेब तोंड उघडं ठेवून पडद्यावर तसेच थिजले. खाली रिकामी खुर्ची, वर उघडं तोंड. कोणीतरी मागून ओरडलं, "दातं चांगले हायेत!"

पवनला घाम फुटला. तो माईक घेऊन पहिल्या रांगेकडे उतरला, सरळ आबांसमोर.

"आबा, तुमी बसता काय अध्यक्षांच्या खुर्चीत?"

आख्खा मांडव आबांकडे वळला. आबांनी या क्षणासाठी आठवडाभर मनातल्या मनात हाव म्हणायचा सराव केला होता. म्हशीसमोर केला होता, आरशासमोर केला होता. त्यांनी श्वास घेतला, छाती पुढे काढली, तोंड उघडलं.

"छे छे! म्या कायचा..."

माईक चालू होता. शब्द शाळेवर आपटून परत आले. आबांनी दोन्ही हातांनी तोंड धरलं, पण ते धरायला उशीर झाला होता.

"ठीक आहे आबा," पवन म्हणाला. "चंपत आजोबा?"

"म्या कायले? इंदरभान हाये ना!"

"त्यांनी तर नाही म्हटलं."

"त्यानं म्हनलं म्हून काय झालं बे!" चंपतभाऊ किंचाळले. "म्हनू दे ना त्याले!"

पवन रांगेत पुढे सरकला. म्हाताऱ्यांनी एकामागून एक हात हलवले, मान हलवली, पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. पण एकाचीही नजर खुर्चीवरून हटत नव्हती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"ए पवन. इकडं ये. मले इचार."

दुर्गाबाई होत्या. पवन गोंधळला. "काय विचारू आजी?"

"जे साऱ्या गावाले इचारून राह्यला थे."

"आजी, तुमी अध्यक्ष होता काय?"

"हाव," दुर्गाबाई म्हणाल्या.

एवढा सोलून ठेवलेला, बिनआढेवेढ्याचा होकार गावानं आजवर ऐकला नव्हता. दुर्गाबाईंचंही एका अर्थी बरोबर होतं. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं, शेत विकलं तेव्हा विचारलं नव्हतं, आणि चुलीवरची भाकरीच लागते हे ठरलं तेव्हा तर त्या घरातच होत्या. कोणी कधी काही विचारलंच नाही, म्हणून त्यांना नाही म्हणायची सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. त्यांनी नऊवारीचा काष्टा नीट केला, पायऱ्या चढल्या आणि खुर्चीत बसल्या. बसल्या त्या मांडी घालून.

पहिल्या रांगेत इंद्रभान आबांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या पापडासारखा होत गेला. संपलं. वरांडा भरला, खुर्ची भरली, आणि ती भरली आपल्याच घरच्या माणसानं.

सायली मॅडम, शाळेच्या तरुण शिक्षिका, सूत्रसंचालन करत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, आता पाहुण्यांचं स्वागत, मग अहवाल, मग..."

"थांब माय," दुर्गाबाई म्हणाल्या आणि माईक ओढून घेतला. "अध्यक्ष म्हनल्यावर सभेत कोनं बोलाचं थे कोन ठरोते?"

"तुम्हीच आजी."

"मंग आयका. ओ सपनाचे आबा! उठा. वर या."

"म्या कायले..." आबांनी सवयीनं सुरुवात केली.

"म्या तुमाले इचारलं काय? सांगून राह्यली. वर या!"

या वाक्यात नाही म्हणायला कुठे जागाच नव्हती. आबा इतक्या झटक्यात उठले, की त्यांची एक चप्पल चंपतभाऊंच्या पायाखाली राहिली. एक पाय अनवाणी असे ते पायऱ्या चढून वरांड्यात आले. त्यांनी खाली आंगणाकडे पाहिलं. जिथे आज मांडव होता आणि माणसं खुर्च्यांवर होती, तिथे.

"मॅडम," दुर्गाबाई सायली मॅडमना म्हणाल्या, "तुमी गुरुजी ना? मंग यायले प्रश्न इचारा. शाळेतला. यायच्या बापाचा एक प्रश्न उधार हाये या शाळेवर."

सायली मॅडमना काही कळेना, तेव्हा आबांनीच सांगितलं. तरटाचं सांगितलं, आंगणाचं सांगितलं, चार वर्षं न आलेल्या प्रश्नाचं सांगितलं. कंडक्टरचा आवाज, पण आज शेवटच्या सीटपर्यंत जाताना मधेमधे अडखळत होता. मागची पोरंही पुढे सरकून बसली. पडद्यावरचे साहेबसुद्धा तोंड उघडं ठेवून ऐकत असल्यासारखे दिसले.

सायली मॅडमनी माईक जवळ घेतला. "मग मी... एकोणतीसचा पाढा विचारू?"

"थो तं मी अंदर बसून शिकलो," आबा म्हणाले. "बापानं बाहीर बसून जे उचललं न मले शिकवलं, थे इचारा. अडीचकी इचारा."

अडीचकी, म्हणजे अडीचपटीचा जुना पाढा, हे नाव तरी मॅडमनी ऐकलेलं होतं. त्यांनी हळूच फोनवर आकडेमोडीचं यंत्र उघडलं. "सतरा अडीच?"

"साडेबेचाळीस."

मॅडमचा अंगठा अजून आकड्यापाशीच होता. त्यांनी हिशोब करून पाहिला आणि मान डोलावली. मग मांडवातले सगळेच फोन बाहेर निघाले.

"आबा, तेवीस अडीच?"

"साडेसत्तावन."

"एकोनीस अडीच?"

"साडेसत्तेचाळीस. इचारा, इचारा, लाजू नका."

पोरं ओरडत होती, बाया ओरडत होत्या, पवनचा फोन गरम होऊन बंद पडला. एकदाही आबा "पुरे" म्हणाले नाहीत. चंपतभाऊंनाही राहवेना. ते उभे राहून ओरडले, "साडेतेहतीस अडीच सांग बे!"

"चूप बस चंपत. थे माह्या बापाले बी आयकू आलं नवतं."

हसून हसून मांडव हलला. आबांनी डोळे पुसले आणि ते घामानं झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा मागून रोडग्यांचा वास आला आणि अध्यक्षांनी सभा संपल्याचं एका हातानं सांगितलं, कारण दुसऱ्या हातानं त्या आबांना उतरताना धरत होत्या.

अहवाल राहिला, स्वागत राहिलं. आभार तरी मानू द्या, असं म्हणत पवन माईकपाशी आला. "आजचा कार्यक्रम फारच वेगळा झाला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पण आपण असाच..."

"हाव," दुर्गाबाई म्हणाल्या.